पॉलिमरच्या पॉझिट्रॉन मोजणीत आय-३ दर वेळी घसरतो: दोष नमुन्यात, सोर्समध्ये की फिटिंगमध्ये?

तक्रार नेहमीची आहे. पॉलिकार्बोनेटचे दोन तुकडे, मध्ये सोडियम-२२ चा पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) देणारा सोर्स, आणि ते पॉझिट्रॉन किती वेळ टिकतात याची मोजणी चालू. समजा पहिल्या स्पेक्ट्रममध्ये (आयुर्मानांच्या आलेखात) ऑर्थो-पॉझिट्रोनियमची, म्हणजे पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉनच्या जास्त टिकणाऱ्या जोडीची, तीव्रता, म्हणजे आय-३, ३० टक्क्यांच्या आसपास आली. तोच नमुना न हलवता दुसऱ्या दिवशी मोजला तर ती उतरलेली, चार दिवसांनी आणखी उतरलेली. मग अहवालात वाक्य येतं: 'नमुन्याचे मुक्त घनफळ कालानुसार कमी होत आहे.' मुक्त घनफळ म्हणजे साखळ्यांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांची जागा. बहुतेक वेळा हे वाक्य चुकीचं असतं. नमुन्यातल्या पोकळ्या आहेत तशाच असतात, बदललेलं असतं ते पॉझिट्रोनियम तयार होण्याचं प्रमाण, आणि ते बदलणारा सोर्स तुम्हीच मध्ये ठेवलेला असतो.

म्हणून आय-३ घसरला की आधी टाऊ-३, म्हणजे ऑर्थो-पॉझिट्रोनियमच्या आयुर्मानाकडे बघा. निदानाचा निम्मा भाग तिथेच उरकतो.

टाऊ-३ जागच्या जागी आणि आय-३ एकाच दिशेने खाली: सोर्सचा परिणाम. दोन्ही एकत्र खाली: नमुन्यात खरा बदल, म्हणजे वार्धक्य (जादाचं मुक्त घनफळ हळूहळू निघून जाणं), ओल किंवा तापमान. एक वर तर दुसरा खाली, आणि पुढच्या मोजणीत उलट: फिटिंगमधला, म्हणजे स्पेक्ट्रमवर गणिती वक्ररेषा बसवतानाचा, परस्परसंबंध. टाऊ-३ दोन्ही बाजूंना भटकतोय: उपकरण. आय-३ पहिल्या मोजणीपासूनच कमी, पण स्थिर: सँडविच (तुकडा, सोर्स, तुकडा) नीट बसलेलं नाही.

दोन आकडे, दोन वेगळे अर्थ

पॉझिट्रॉन पॉलिमरमध्ये थांबताना वाटेत इलेक्ट्रॉन आणि आयन मोकळे करत जातो. त्याच्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात अशा इलेक्ट्रॉनांपैकी एखाद्याशी त्याची जोडी जमली तर पॉझिट्रोनियम बनतं. त्यातला एक भाग पॅरा, आयुर्मान १२५ पिकोसेकंद, आणि तीन भाग ऑर्थो. ऑर्थो निर्वातात १४२ नॅनोसेकंद टिकतं, पण पॉलिमरच्या पोकळीत भिंतीतला विरुद्ध स्पिनचा इलेक्ट्रॉन गाठून १ ते ५ नॅनोसेकंदांतच त्याचं विलोपन होतं. पोकळी जितकी मोठी तितकी ही गाठ उशिरा. हे नातं ताओ आणि एल्ड्रप यांच्या सूत्राने त्रिज्येत बदलता येतं. सूत्रात इलेक्ट्रॉन-थराची जाडी ०.१६५६ नॅनोमीटर धरतात. पॉलिकार्बोनेटचा टाऊ-३ सुमारे २.१ नॅनोसेकंद, म्हणून त्रिज्या सुमारे ०.२९ नॅनोमीटर आणि घनफळ साधारण ०.१ घन नॅनोमीटर.

म्हणजे पोकळीचं माप टाऊ-३ सांगतो. आय-३ सांगतो की शंभर पॉझिट्रॉनांपैकी कितींचं ऑर्थो-पॉझिट्रोनियम झालं. ती संख्या पोकळ्यांवर अवलंबून असतेच, पण इलेक्ट्रॉन पळवणारे गट, अडकलेले विद्युतभार, मुक्त मूलके, भराव म्हणून घातलेला कार्बन ब्लॅक या सगळ्यांवरही असते. सोर्स ज्यात गुंडाळतात त्या काप्टन फिल्ममध्ये मुक्त घनफळ आहे, पण पॉझिट्रोनियम जवळजवळ बनत नाही. या एका उदाहरणापुढे 'आय-३ म्हणजे पोकळ्यांची संख्या' हा दावा टिकत नाही. टाऊ-३ पासून काढलेलं घनफळ गुणिले आय-३ म्हणजे मुक्त घनफळाचा अंश, असं समीकरण खूप ठिकाणी वापरलेलं दिसतं. एकाच पॉलिमरचे, एकाच मात्रेचे (सोर्सकडून सारखाच किरणोत्सर्ग झेललेले) नमुने असतील तर तुलनेपुरतं ते चालेल. दोन वेगळ्या रासायनिक घडणीच्या पॉलिमरांना ते लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

टाऊ-३ स्थिर, आय-३ खाली: सोर्सचा परिणाम कसा सिद्ध करायचा

सोर्स तासन् तास लावून ठेवला की पॉलिमरमध्ये मूलकं आणि अडकलेले भार साठत जातात. नंतर येणाऱ्या पॉझिट्रॉनाच्या वाटेतले इलेक्ट्रॉन ते आधीच पकडतात, म्हणून जोड्या कमी जमतात. परिणाम किती मोठा, हे पॉलिमरगणिक बदलतं. तपासायच्या तीन रीती खाली आहेत, सोपी आधी.

पहिली रीत, नमुना उलटा करा. पॉझिट्रॉनांची कमाल ऊर्जा ०.५४५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे १ घनतेच्या पॉलिमरमध्ये बहुतेक सगळे पहिल्या दीड-पावणेदोन मिलिमीटरमध्येच थांबतात, आणि निम्म्याहून जास्त पहिल्या पाव मिलिमीटरमध्ये. तुकडे २ मिमी किंवा जास्त जाड असतील तर बाहेरची बाजू जवळजवळ कोरी राहिलेली असते. दोन्ही तुकडे फिरवून बाहेरची तोंडं सोर्सकडे आणा आणि लगेच एक छोटा स्पेक्ट्रम घ्या. आय-३ मूळ किमतीला परत आला, तर गुन्हेगार सापडला. आला नाही, तर बदल संपूर्ण तुकड्यात आहे, पुढच्या विभागाकडे वळा. दोन्ही तोंडं सारखीच घासलेली असायला हवीत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

दुसरी, सोर्सविना साक्षीदार. त्याच पत्र्यातून कापलेली दुसरी जोडी त्याच तापमानाला, त्याच डब्यात, पण सोर्सशिवाय तितकेच दिवस ठेवा आणि मग मोजा. वार्धक्य असेल तर या जोडीतही दिसेल.

तिसरी, तापवून बघणे. नमुना काचसंक्रमण तापमानाच्या (जिथे कडक पॉलिमर मऊ होतो) जवळ किंवा किंचित वर नेला की अडकलेले भार सुटतात आणि आय-३ बराचसा सावरतो. पण या तापवण्याने नमुन्याचा औष्णिक इतिहासही पुसला जातो, त्यामुळे वार्धक्याचा अभ्यास चालू असेल तर ही रीत शेवटी वापरा.

कमी तापमानाला चित्र उलटं होतं, आणि ते माहीत नसलं की माणूस हमखास फसतो. पॉलिथिलीनसारखा नमुना क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड कक्षात) थंड करून अंधारात ठेवला की मोकळे झालेले इलेक्ट्रॉन उथळ सापळ्यांत अडकून बसतात. नंतर आलेला पॉझिट्रॉन त्यांच्यातला एक उचलतो आणि पॉझिट्रोनियम बनवतो, म्हणून आय-३ तासागणिक वाढत जातो. खिडकीतून उजेड पडला की हे इलेक्ट्रॉन सुटतात आणि आय-३ झपकन उतरतो. तापमानाच्या आलेखावर मध्येच पायरी दिसत असेल तर तिला संक्रमणाचं नाव देण्याआधी क्रायोस्टॅटची खिडकी काळ्या कागदाने झाकून तीच मोजणी पुन्हा करा. गरम करत जाताना आणि थंड करत जाताना वेगळ्या वक्ररेषा येणं हेही याच परिणामाचं लक्षण असू शकतं.

परिणाम पूर्ण टाळता येत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. तुलना वेळेवर न करता मात्रेवर करा: सोर्सची सक्रियता गुणिले तास. ०.५ मेगाबेकरेल दहा तास आणि १ मेगाबेकरेल पाच तास हे एकसारखं. सोडियम-२२ चं अर्धायुष्य २.६ वर्षं आहे, त्यामुळे तीन वर्षं जुन्या सोर्सची सक्रियता सुमारे ४५ टक्के उरते. 'प्रत्येक नमुना सहा तास मोजला' या वाक्याने जुन्या आणि नव्या मालिका तुलनेला येत नाहीत. सेकंदाला १०० काउंट्स मिळत असतील तर दहा लाख काउंट्सना पावणेतीन तास पुरतात. तीन घटकांच्या (पॅरा, मोकळे पॉझिट्रॉन आणि ऑर्थो) साध्या फिटिंगला तेवढे काउंट्स बस होतात. चार घटक किंवा आयुर्मानांचं सलग वितरण काढायचं असेल तर मात्र एक कोटीच्या आसपास लागतात, आणि तिथे सोर्सचा परिणाम गृहीत धरूनच चालावं लागतं. अशा वेळी मोठी मोजणी तासातासाच्या स्पेक्ट्रममध्ये तोडून साठवा. वेगवेगळ्या फिटिंगमधून आय-३ चा वेळेबरोबरचा उतार दिसतो आणि शून्य मात्रेपर्यंत मागे ओढून मूळ किंमत काढता येते.

दोन्ही आकडे खाली: नमुना खरोखर बदलतोय

साच्यातून काढून झटकन थंड केलेल्या काचरूप पॉलिमरमध्ये जादाचं मुक्त घनफळ अडकलेलं असतं आणि ते वेळेच्या लॉगरिदमप्रमाणे हळूहळू निघून जातं. सुरुवातीच्या तासांत उतार तीव्र, नंतर मंद. मालिकेतला पहिला नमुना साच्यातून काढल्याच्या दिवशी आणि शेवटचा दोन आठवड्यांनी मोजला तर त्यांच्यात फरक निघणारच. उपाय असा: सगळे नमुने काचसंक्रमणापेक्षा १५ ते २० अंश वर अर्धा तास ठेवा. पॉलिकार्बोनेटचं काचसंक्रमण सुमारे १५०, पॉलिस्टायरीनचं सुमारे १०० आणि पीएमएमएचं (ॲक्रिलिक प्लास्टिकचं) सुमारे १०५ अंश सेल्सिअस. मग ठरावीक वेगाने, उदाहरणार्थ मिनिटाला एक अंश, खोलीच्या तापमानाला आणा आणि नेमक्या तितक्याच तासांनी मोजणी सुरू करा. तापवताना तुकडे टेफ्लॉनच्या पत्र्यावर सपाट ठेवा, वाकले तर सँडविचमध्ये फट राहील.

ओल हा मुंबई-कोकणातल्या प्रयोगशाळांचा जून ते सप्टेंबरचा प्रश्न. पॉलिकार्बोनेट पाणी फार घेत नाही, पीएमएमए वजनाच्या सुमारे २ टक्के घेतं, नायलॉन-६ तर त्याहून कितीतरी जास्त. थोडं पाणी आधी पोकळ्यांत बसतं आणि टाऊ-३ कमी करतं, आणखी मुरलं की साखळ्या सैल करतं आणि टाऊ-३ वर जातो. त्यामुळे ओलीचा परिणाम एकाच दिशेने शोधू नका. नमुना अचूक तराजूवर मोजणीआधी आणि मोजणीनंतर तोला. वजन सरकलं असेल तर ती मोजणी बाजूला ठेवा. सुकवताना आणखी एक खड्डा आहे. पीएमएमए निर्वात भट्टीत ८० अंशांवर चोवीस तास ठेवलं की पाणी जातं, पण ८० अंश म्हणजे काचसंक्रमणाच्या जेमतेम २५ अंश खाली, तिथे वार्धक्य वेगाने होतं. सुकवून टाऊ-३ कमी झाला तर तो पाण्यामुळे की वार्धक्यामुळे, हे सांगता येणार नाही. आधी सुकवा, मग लगेच काचसंक्रमणाच्या वर नेऊन इतिहास पुसा, आणि सोर्ससह नमुना निर्वातात किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजा.

हवेतला ऑक्सिजन हा दाट पॉलिमरमध्ये फारसा त्रास देत नाही. पण पॉलिट्रायमिथिलसिलिलप्रोपाइनसारख्या मोठ्या, एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांच्या पॉलिमरमध्ये तो ऑर्थोला पॅरात बदलून लांब घटकाचं आयुर्मान कापतो. तिथे हवेतली आणि निर्वातातली मोजणी वेगळी येणारच, आणि पोकळीचा आकार निर्वातातल्या मोजणीवरूनच काढायचा.

रबरासारखे किंवा खोलीच्या तापमानाला काचसंक्रमणाच्या वर असलेले नमुने, जसं पॉलिथिलीन, तापमानाला जास्त संवेदनशील असतात. रात्री एसी बंद होत असेल तर रात्रीचे आणि दिवसाचे स्पेक्ट्रम वेगळे काढून बघा.

टाऊ-३ भटकतोय: उपकरणाकडे वळा

इथे संदर्भ-नमुन्याशिवाय हात घालू नका. पॉलिकार्बोनेटची एक जोडी कायमची बाजूला काढा, ती फक्त तपासणीसाठी. दर मालिकेआधी एक छोटा स्पेक्ट्रम. २.१ च्या आसपासची तुमची नेहमीची किंमत आली तर उपकरण ठीक. ही किंमत किती काटेकोर हवी याचा अंदाज असा: २.०० ऐवजी २.०६ आलं तर घनफळ सुमारे ५ टक्क्यांनी फुगतं. बहुतेक मिश्रणांच्या अभ्यासात शोधायचा फरकच तेवढा असतो.

वेळेचं अंशांकन आधी तपासा. चॅनेलमागची वेळ २ टक्के चुकली तर टाऊ-३ सुद्धा २ टक्केच चुकतो आणि कुठलंही फिटिंग ते पकडत नाही, काय-वर्ग (फिटिंग किती जुळलं ते सांगणारा आकडा) अगदी छान येतो. अंशांकन एकाच उशिरावर न करता चार-पाच वेगवेगळ्या उशिरांवर करा आणि रेषा सरळ येते का पाहा. आरजी-५८ केबलचा मीटरमागे ५ नॅनोसेकंद हा आकडा अंदाजापुरता ठीक, अंशांकनाला तपासलेला डिले बॉक्सच हवा. स्पेक्ट्रमचं शिखर वेळ-रूपांतरकाच्या (वेळेचं स्पंदाच्या उंचीत रूपांतर करणाऱ्या मंडलाच्या) अगदी सुरुवातीला ठेवू नका, तो भाग सरळ नसतो. साध्या पॉलिमरला ५० नॅनोसेकंदांची व्याप्ती पुरते, ५ नॅनोसेकंदांपेक्षा लांब घटक अपेक्षित असेल तर १०० घ्या.

मग ऊर्जा-खिडक्या, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे गॅमा मोजायचे याच्या मर्यादा. पॉझिट्रॉन निघताना सोडियम-२२ कडून येणारा १२७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा घड्याळ सुरू करतो (स्टार्ट), विलोपनाचा ५११ चा गॅमा ते थांबवतो (स्टॉप). प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची कॉम्प्टन कड (गॅमा एका धडकेत देऊ शकेल ती कमाल ऊर्जा) ३४० ला येते आणि १२७५ ची सुमारे १०६० ला. स्टार्टची खालची मर्यादा ३४० च्या बरीच वर हवी, नाहीतर विलोपनाचा गॅमाच घड्याळ सुरू करतो. फोटोमल्टिप्लायरचा उच्च विद्युतदाब एक टक्का सरकला तरी लाभ त्याच्या कित्येक पट टक्क्यांनी सरकतो आणि खिडक्या नको तिथे जाऊन बसतात. दाब चालू केल्यावर निदान अर्धा दिवस उपकरण स्थिरावू द्या.

डिटेक्टर समोरासमोर, मध्ये नमुना, अशी रचना काउंट्स जास्त देते म्हणून लोकप्रिय आहे. पण ५११ चे दोन गॅमा एकमेकांच्या विरुद्ध दिशेनेच निघतात. एक स्टॉपमध्ये गेला की दुसरा त्याच घटनेच्या १२७५ बरोबर स्टार्टमध्ये मिसळतो आणि वेळेचं चिन्ह बिघडतं. शिवाय एका डिटेक्टरमधून मागे उसळलेला गॅमा दुसऱ्यात जाऊन शिखराच्या बाजूला छोटा उंचवटा करतो. उसळलेल्या ५११ ची ऊर्जा १७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आणि १२७५ ची २१० च्या आसपास असते, म्हणून स्टॉपची खालची मर्यादा त्याच्या वर ठेवा. शक्य असेल तर डिटेक्टर ९० अंशांत बसवा आणि मध्ये शिशाचा तुकडा घाला.

शून्य-वेळ सरकणं ओळखायला तासातासाचे स्पेक्ट्रम पुन्हा कामी येतात. प्रत्येकाचं शिखर कोणत्या चॅनेलला आहे ते लिहून काढा. सरकत असेल तर सरळ बेरीज करू नका, आधी जुळवून घ्या.

आकडे एकमेकांविरुद्ध हलतायत: फिटिंग

टाऊ-३ वाढला की आय-३ कमी आणि उलट, असा झोका दिसला तर पार्श्वभूमी बघा. आकस्मिक जुळण्यांची पार्श्वभूमी शिखराच्या आधी आणि शेपटी संपल्यावर सारखीच सपाट असते. दोन्हीकडची सरासरी जुळत नसेल तर एखादा लांब घटक फिटिंगमधून सुटलाय किंवा स्पंद एकावर एक चढतायत. पार्श्वभूमी जास्त धरली गेली की टाऊ-३ आखूड होतो.

टाऊ-१, म्हणजे पॅराचं आयुर्मान, मोकळा सोडला की तो १२५ वर क्वचितच येतो. तो १२५ पिकोसेकंदांवर बांधून टाका. त्यानंतर आय-१ (पॅराची तीव्रता) हा आय-३ च्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळ येतो का पाहा. फार दूर असेल तर विभेदन-फल (उपकरणामुळे वेळेत येणारा पसरटपणा) किंवा सोर्स-सुधारणा (सोर्समध्ये आणि त्याच्या वेष्टनात मरणाऱ्या पॉझिट्रॉनांची वजावट) चुकलेली आहे. बरं हे, की विभेदनातली चूक मुख्यतः टाऊ-१ आणि टाऊ-२ (मोकळ्या पॉझिट्रॉनांचं आयुर्मान) मध्ये जिरते, टाऊ-३ तिला बऱ्यापैकी दाद देत नाही. कोबाल्ट-६० वरून काढलेलं विभेदन खिडक्या बदलल्यावर जसंच्या तसं लागू पडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सोर्स-सुधारणेत एक ठरलेली चूक होते: ती सिलिकॉन किंवा निकेलवर मोजायची आणि पॉलिमरला लावायची. ७.५ मायक्रोमीटर काप्टनचा एक थर एका फेरीत सुमारे ४ टक्के पॉझिट्रॉन गिळतो. पण जड मूलद्रव्यावरून जास्त पॉझिट्रॉन मागे उसळतात आणि काप्टनमधून पुन्हा पुन्हा जातात, म्हणून धातूवर मोजलेला अंश पॉलिमरपेक्षा जास्त येतो. काप्टनचं आयुर्मान ३८२ पिकोसेकंदांच्या आसपास, म्हणजे पॉलिमरच्या टाऊ-२ ला चिकटूनच, त्यामुळे चूक टाऊ-२ मध्ये लपून राहते आणि आय-३ मात्र वर-खाली होतो.

आय-३ पहिल्यापासूनच कमी: सँडविच

जाडीचा हिशेब करा. घनता १.२ असताना अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यातून सुमारे १० टक्के पॉझिट्रॉन पार जातात, १ मिमीमधून सुमारे १ टक्का. पार गेलेले धारकाच्या ॲल्युमिनियममध्ये मरतात. तिथे पॉझिट्रोनियम बनत नाही, सगळा वाटा छोट्या घटकात जातो आणि आय-३ कमी दिसतो. प्रत्येक बाजूला दीड ते दोन मिलिमीटर ठेवा, लांबी-रुंदी १० मिमी, सोर्सचा ठिपका बरोबर मध्ये. पातळ फिल्म असेल तर १०० मायक्रोमीटरच्या पंधरा ते वीस घड्या लागतील. त्या घट्ट दाबून ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीत गुंडाळा. घड्यांमध्ये हवा राहिली तर लांब आयुर्मानाचा, क्षीण तीव्रतेचा घटक उगवतो आणि नमुन्याचाच भासतो.

सोर्सच्या वेष्टनाला काप्टनऐवजी मायलार (पॉलिएस्टर फिल्म) वापरू नका, मायलारमध्ये पॉझिट्रोनियम बनतं. सोर्सच्या कडा बंद करायला लावलेल्या इपॉक्सीतही बनतं, म्हणून डिंक ठिपक्यापासून शक्य तितका लांब, कडेला बारीक रेघेत.

शेवटी गळतीची तपासणी. ती क्रमात शेवटी दिली असली तरी सुरक्षेच्या दृष्टीने टाळण्याजोगी नाही. सोडियम क्लोराइड ओल धरतं, काप्टनला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी क्षार बाहेर येऊन नमुन्याला लागतो. सोर्स काढून शिशाच्या मागे ठेवा, नुसता नमुना डिटेक्टरसमोर धरा आणि ऊर्जा-स्पेक्ट्रम घ्या. ५११ चं शिखर पार्श्वभूमीच्या वर उठत असेल तर सोर्स गळतोय. तो नमुना, धारक, चिमटा, हातमोजे सगळं वेगळं काढून किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवा, आणि त्या सोर्सने घेतलेले अलीकडचे सगळे आय-३ रद्द समजा. संदर्भ-नमुन्याची जोडीसुद्धा त्याच सोर्सला लागलेली असेल, तर तीही नवी कापून घ्या.